एकटीनं चढवायची बोट

आर्जव पलूसच्या पेट्रोल पंपावर गेला. म्हणजे डिझेल भरायला गेला आणि रांगेत उभा असतानाच गेला. पुढची गाडी निघाली, ह्याची हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. शेवटी पंपावरचा माणूस काचेवर टकटक करायला आला, तेव्हा तो स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेला होता, इंजिन चालू होतं. डॉक्टर हृदय म्हणाले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

घरात आई चंदनबाला आणि आर्जवची बायको सोनम. भेटायला येणाऱ्या बायका आधी सोनमला जवळ घेत, मग आईला. मग पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या ब्राह्मीकडे वळून म्हणत, "तू आता घट्ट राहायचं बघ. तुझ्याकडं बघूनच ह्यांनी दिवस काढायचे." सगळ्यांनी तेच सांगितलं. ब्राह्मी मान हलवायची आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवायची. ती आर्जवची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं. कराडच्या कॉलेजात सिव्हिल शिकली होती आणि नंतर भावाबरोबरच धंद्यात पडली होती.

धंदा लोकांना समजावून सांगावा लागे. तलावात किती गाळ साठला हे मोजायचं. ॲल्युमिनियमची बारा फुटी बोट, तिला मागं छोटं इंजिन, बाजूला पाण्यात सोडलेलं खोली मोजायचं यंत्र. आर्जव बोट चालवायचा, ब्राह्मी लॅपटॉपवर आकडे बघायची. ह्या काठावरून त्या काठापर्यंत सरळ रेघा मारायच्या, शेतात तास काढतात तशा. संध्याकाळी बोट ट्रेलरवर चढवायची आणि घर गाठायचं. खटाव, कडेगाव, आटपाडी असे सगळीकडचे तलाव त्यांनी केले होते.

उन्हाळा निम्मा सरला तेव्हा पाटबंधारे खात्यातल्या एका साहेबांचा फोन आला. आधी ते बराच वेळ आर्जवबद्दल बोलले. मग हळूच विचारलं, वडूजकडच्या तलावाचं काम अर्धं राहिलंय, ते दुसऱ्या कुणाला द्यायचं, की बघताय? पाऊस लागायच्या आत हवं होतं त्यांना. ब्राह्मी म्हणाली, "करते." फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण हे विचार करून म्हणालो नाही. पण मागं घ्यावंसंही वाटलं नाही. तिला त्या दिवसांत कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं की जास्त, हे दुसऱ्यांनी सांगितल्यावर कळे.

तिचे वडील, तवनाप्पा, ओसरीवरच्या खुर्चीत होते. त्यांनी आयुष्यभर सांगलीच्या यार्डात हळदीचा व्यापार केला होता, आता बंद केला होता. बोटीच्या धंद्यात त्यांनी कधी लक्ष घातलं नव्हतं. मुलगा-मुलगी चिखल मोजतात, असं ते यार्डात हसत सांगायचे. ब्राह्मीनं फोनचं सांगितलं, तसे ते म्हणाले, मी येतो. बोट कोण चालवणार, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं की तरुणपणी ट्रॅक्टर चालवलाय, हिला तर गिअरसुद्धा नाहीत.

पाण्यावरचं माणूस मिळालं. अडचण काठावरची होती.

खटावातल्या तलावांना बोट उतरवायला उतार बांधलेला नसतो. काठाला चिखल. जीप जास्त मागं घेतली की चाकं रुततात, म्हणून ट्रेलर कोरड्या जमिनीवरच उभा करायचा आणि बोट पाण्यातून ओढून वर घ्यायची. ट्रेलरवर गालिचा ठोकलेल्या दोन लांब फळ्या होत्या, त्यांच्यावर बोट सरकत यायची. सरकत म्हणजे नावाला. ब्राह्मी पुढं उभी राहून हातानं विंच, म्हणजे पट्टा गुंडाळायची चरखी, फिरवायची, पट्टा ताणला जायचा, आणि मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून आर्जव खांद्यानं बोट रेटायचा. दर वितीला थांबायचं, पुन्हा रेटायचं. कधी कुणी माणूस मदतीला मिळायचा, कधी नाही. तवनाप्पांना तर जिना चढतानासुद्धा मध्ये थांबावं लागायचं. त्यांनी चिखलात उतरून बोट रेटणं शक्य नव्हतं.

म्हणून रोलर. फळ्यांऐवजी रोलर बसवले तर बोट घासत यायची नाही, गडगडत येईल, आणि विंचवरचं एक माणूस पुरेल.

आकाराम गावाबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायचा. ट्रेलरही त्यानंच बांधला होता. ब्राह्मीनं काय हवंय ते सांगितलं. त्यानं बोटीचं काम असं आयुष्यात एकदाच केलं होतं, पण त्याच्याकडं कुठल्याशा साखर कारखान्याच्या जुन्या पट्ट्यावरचे नायलॉनचे पांढरे रोलर पडलेले होते. बेअरिंग चांगली होती. त्यानं एक रोलर हातात धरून फिरवला, तो बराच वेळ फिरत राहिला. ब्राह्मी त्याच्याकडं बघत होती. तिला वाटलं, हेच हवं. फळ्या काढून दोन्ही बाजूंना रोलरची एकेक ओळ बसवायची ठरली. ठरलं म्हणजे तिनंच ठरवलं. आकाराम एवढंच म्हणाला, की ताई, हे लय कडक हायत, बघा बरं का. तिनं बसव म्हणून सांगितलं.

ट्रेलर तयार झाल्यावर ती आणि अण्णा बोट घेऊन नदीवरच्या घाटाला गेले. तवनाप्पांना घरात सगळे अण्णाच म्हणत. पाण्यात सोडली, परत ओढली. बोट खडखडत सहज वर आली. अण्णा पायरीवर बसून बघत होते. त्यांनी, चाललं की, अशी मान हलवली. येताना रस्ता उखडलेला होता. घरी येऊन शेडमध्ये गाडी लावली आणि अण्णा कधी नव्हे ते ट्रेलरखाली वाकून बघू लागले.

"हितं काय झालंय बघ," ते म्हणाले.

बोटीच्या पोटाला पोचे पडले होते. आतून जिथं बरगड्यांचा आधार नाही, तिथं नुसत्या पत्र्यावर कडक रोलर बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांनी पत्रा आत दाबला होता. एक पोचा तर चांगला वाटीएवढा होता. अण्णांनी त्यात अंगठा फिरवला. ब्राह्मीही बाजूला वाकली. ही बोट आर्जवनं जपली होती, दगडावर कधी घासू दिली नव्हती. आता आपल्याला वाईट वाटेल, असं तिच्या मनात आलं. ती तशीच वाकून थांबली. काही वाटलं नाही. कंबर दुखायला लागली तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझं चुकलं. मऊ पायजेत. आणि मधल्या कण्याखाली."

त्या रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे आई आणि सोनमची झाल्यावर, तिनं पुठ्ठा घेतला. बोटीच्या तळाला लांबीभर मधोमध एक जाड कणा असतो, सगळ्यात भक्कम तोच. त्याच्या आकाराचा पुठ्ठा कापला. सोनम दारात येऊन उभी राहिली, बघत राहिली. थोड्या वेळानं कात्री बोथट आहे म्हणून दुसरी आणून दिली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत गेले. तिथं वीरधवल नावाच्या माणसाचं रबरी रोलर ओतायचं छोटं युनिट होतं. छापखान्यांसाठी, गिरण्यांसाठी रोलर करायचा. बोटीसाठी त्यानं कधी केले नव्हते, पण काम आवडीनं समजून घेतलं. काळं रबर स्वस्त, पण उन्हात चिरतं आणि पत्र्यावर काळे ओरखडे ठेवतं. दुसरं एक पीयू म्हणून येतं, ते मऊही करता येतं आणि टिकतंही. फार मऊ केलं तर ओझ्याखाली दबून बसतं, बोट पुढं सरकत नाही. फार कडक केलं तर पुन्हा पोचे. त्यानं तीन तुकडे टेबलावर ठेवले. ब्राह्मीनं प्रत्येकात नख रोवून बघितलं.

आकाराचं तिनं स्वतःच सांगितलं. डमरूसारखा हवा, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड, म्हणजे कणा त्या खाचेत बसेल आणि बोट आपोआप मधोमध राहील. असे एकामागं एक, जवळजवळ बसवायचे, म्हणजे भार वाटला जाईल. बाजूच्या फळ्या परत लावायच्या, फक्त बोटीला तोल देण्यापुरत्या. आणि अगदी मागचा रोलर हलत्या पट्टीवर हवा, पाण्यातून येणाऱ्या बोटीचं नाक लागलं की मान खाली घालणारा.

वीरधवल लिहून घेत होता. त्यानं विचारलं, "चढवताना माणसं किती असतात?"

"एक."

"ओढायला एक. आणि मागून ढकलायला?"

"ढकलायला कुणी नाही."

त्यानं वर बघितलं. तिचा चेहरा मघासारखाच होता, म्हणून त्यानं मान खाली घालून लिहिलं. मग मधला तुकडा उचलून म्हणाला, मग हा घ्या. तिनंही नख रोवून तोच निवडला होता.

सगळं ठरलं आणि त्यानं रंग विचारला. लाल, निळा, पिवळा, कुठलाही घालता येतो. इथं ब्राह्मी अडली. मऊ किती, जाड किती, दांडा कसला, हे तिला भराभर सांगता आलं होतं. रंगाला काही हिशेब नव्हता. जीपचा रंग, बोटीवरच्या पट्ट्याचा रंग, असलं सगळं आर्जव ठरवायचा आणि त्यावरून तासभर वाद घालायचा. ती टेबलाजवळ उभी राहिली. वीरधवल वाट बघत होता. बाहेर कुठंतरी लोखंड कापायचा आवाज चालू होता.

"हळदीसारखा दे," दारातल्या स्टुलावरून अण्णा म्हणाले.

रोलर आठवड्यात आले. आकारामनं ते बसवले, पोचे आतून लाकडी हातोडीनं जमतील तेवढे उठवले. पूर्ण गेले नाहीत. मग एके दिवशी पहाटे निघून ते कडेगाव, मायणीवरून वडूजकडं गेले.

तलाव बराच आटला होता. काठाचा चिखल उन्हानं तडकून त्याच्या खपल्या निघत होत्या, आणि मध्ये गढूळ हिरवं पाणी. बोट उतरवायला काही वेळ लागला नाही, पट्टा सैल सोडला तशी ती स्वतःच्या वजनानं रोलरवरून घरंगळत पाण्यात गेली. अण्णांनी धोतर वर खोचलं, ब्राह्मीनं त्यांना हात देऊन आत घेतलं, केशरी जॅकेट घातलं. ते आर्जवच्या जागेवर बसले. दुसरी जागाच नव्हती.

इंजिनाचा दांडा डावीकडं ओढला की बोट उजवीकडं जाते, हे ट्रॅक्टरवाल्या माणसाला लवकर पचत नाही. पहिल्या दोन रेघा सापासारख्या गेल्या. ब्राह्मीनं त्या पुसून पुन्हा घ्यायला लावल्या. मग अण्णांनी पलीकडच्या काठावरचं एक लिंबाचं झाड धरलं, दांड्याकडं बघणं सोडलं, आणि झाडावर नजर ठेवून गेले. रेघ सरळ आली. ब्राह्मी स्क्रीनवर बघत राहिली. खोलीचे आकडे कमी-जास्त होत होते. पूर्वी असंच ती बघत राहायची आणि मागून आर्जवचं बोलणं चालू असायचं, क्रिकेटचं, जेवणाचं, कुणाच्या तरी लग्नाचं. अण्णा बोलत नव्हते. नुसतं इंजिन चालू होतं. दुपारपर्यंत तिला त्याचीही सवय झाली.

चारच्या पुढं त्यांनी काम आवरलं. अण्णांना काठावर उतरवून तिनं त्यांना एका दगडावर बसवलं. जीप मागं घेतली, घट्ट जमिनीवरच थांबवली. बोटीचं नाक मागच्या रोलरला लावलं, रोलरनं मान खाली घातली. तिनं पुढं जाऊन पट्टा अडकवला आणि विंच फिरवायला सुरुवात केली.

ती अंगात जोर घेऊन उभी राहिली होती. पाय रोवले होते. तो जोर कुठं लागलाच नाही. पिवळे रोलर एकामागून एक फिरत गेले, बोट खाचेतून सरळ वर आली, टकटक करत, पाणी गाळत, आणि पुढच्या आधाराला येऊन टेकली. ब्राह्मी विंचचा दांडा धरून तशीच उभी राहिली. तिला वाटलं, मध्येच काहीतरी राहिलं असेल. पट्टे आवळले, मागं जाऊन बघितलं. काही राहिलं नव्हतं.

ह्या कामाला पूर्वी दिवस मावळायचा. बोट चढेपर्यंत अंधारून येई, मग ओल्या कपड्यांनी जीपमध्ये बसून परत. आता ऊन अजून पाण्यावर होतं. तिला त्या वेळाचं काय करावं कळेना. ती अण्णांच्या शेजारी येऊन दगडावर बसली.

अण्णा सूर्य मावळल्यावर खात नसत. सोनमनं डबा दिला होता, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. दोघांनी तो सोडला. पलीकडं बगळे चिखलात पाय उचलून चालत होते. डबा झाकल्यावर अण्णांनी हात धुतले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुला रडू येतंय का गं?" त्यांनी विचारलं. तिच्याकडं न बघता.

"न्हाई."

"कवाच न्हाई?"

"न्हाई, अण्णा."

अण्णांनी टोपीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मलाबी न्हाई," ते म्हणाले. "तुझी आई रडती, सोनम रडती. मी बघत बसतो. लोकं म्हणत्यात, अण्णांनी लय धीर धरलाय. धीर कसला. हितं आत काय हाय का न्हाई, तेच कळंना झालंय. मला वाटायचं, मी एकटाच असा."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला नाही. त्यांच्या घरात तशी रीत नव्हती. पण ती लगेच उठलीही नाही. उजेड होता तोवर दोघं तिथं बसून राहिले. मग अण्णा म्हणाले, "चल, हायवेला लागू," आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

त्यानंतर काम सुरळीत चाललं. अण्णांच्या रेघा सरळ येत होत्या. घरी गेल्यावर ते चंदनबालाला तलावात किती गाळ आहे ते सांगत. ती ऐकून घेई, कधी एखादा प्रश्न विचारी. एका सकाळी तीच त्यांचं जॅकेट धुवून दोरीवर वाळत घालताना ब्राह्मीला दिसली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी एक मेंढपाळ मेंढरं पाण्यावर घेऊन आला. पन्नाशीचा, डोक्याला लाल पटका. त्यानं बोट ओळखली. मेंढरं सोडून तो ट्रेलरजवळ आला आणि म्हणाला, "थंडीत आला व्हता न्हवं तुमी? मी धरू लागलो व्हतो. ज्योतिबा." मग इकडंतिकडं बघून विचारलं, "ते दुसरं कुठं हायती? उंच, चष्म्याचं?"

अण्णा दगडावर लांब होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. ब्राह्मीच्या ध्यानात आलं, की हे आजवर आपल्याला कुणाला सांगावं लागलंच नाही. आपण सांगायच्या आधीच सगळ्यांना माहीत असायचं. फोनवर लोक आधीच हळू आवाजात बोलायचे.

"ते वारले," ती म्हणाली. "मार्चमध्ये. माझा भाऊ होता तो. आर्जव नाव होतं."

शेवटचे शब्द बोलताना आवाज थोडा फाटला.

ज्योतिबानं पटका काढून तोंड पुसलं, पुन्हा बांधला. मग चपला काठावर काढून तो चिखलातून पाण्यात उतरला, बोटीच्या मागं गेला आणि दोन्ही हात तिच्या काठाला लावून उभा राहिला.

"ओढा ताई," तो म्हणाला.

नको, एकटीला येतंय, आता रोलर बसवलेत, हे तिच्या ओठावर आलं होतं. ते तिनं सांगितलं नाही. ती पुढं गेली, पट्टा अडकवला आणि विंच फिरवू लागली. बोट लगेच चढायला लागली. मागं ज्योतिबा खांदा लावून रेटत होता, चिखलातून त्याचे पाय निघायला वेळ लागत होता, म्हणून ब्राह्मीनं दांडा सावकाश फिरवायला घेतला. त्याला बोटीबरोबर चालता येईल एवढा सावकाश.